भिंत वाळली का? : दुरुस्तीच्या घरातल्या पाण्याचा हिशेब

घराची दुरुस्ती चालू झाली की घरातल्या लहानथोरांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : राहायला कधी जायचं? गवंडी म्हणतो, माझं काम झालं. रंगारी म्हणतो, आठ दिवसांत हात मारून देतो. भटजी पंचांगातून दिवस काढून देतात. या सगळ्यांना विचारून झालं तरी एक महत्त्वाचा घटक विचारायचा राहतो, तो म्हणजे भिंत. भिंतीच्या पोटात किती पाणी आहे आणि ते कधी बाहेर पडणार, यावर त्या घरातला पहिला पावसाळा कसा जाणार हे ठरत असतं.

कर्जत-खोपोली गाडीच्या वाटेवरच्या एका गावात आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं आपल्या जुन्या घराची दुरुस्ती काढली होती. काळ्या दगडाचं जोतं, मातीत रचलेल्या दगडविटांच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि उत्तरेला एक खोली. कौलं उतरवून वासे बदलायचे, भिंतींचा पोपडे धरलेला गिलावा काढून सिमेंटचा नवा गिलावा करायचा, आणि उत्तरेच्या खोलीला लागून विटांची नवी न्हाणी बांधायची, असं काम होतं. कुटुंब तोवर कर्जतला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतं. दर महिन्याचं भाडं अंगावर पडत होतं. मुलांची शाळा जूनच्या मध्याला सुरू होणार होती. आजींना दमा होता. अक्षय्य तृतीयेला घरात जायचं, असं सगळ्यांनी मनाशी धरलं होतं.

आम्ही दोघं शाळेत विज्ञान शिकवणारे. दर रविवारी तिकडे चक्कर होत असे, म्हणून आम्ही कामाची वही ठेवली : कुठल्या भिंतीचा गिलावा कधी झाला, पाणी किती दिवस मारलं, ओल कुठे दिसते. त्या वहीतूनच हा लेख झाला आहे. यातलं बरंचसं आपल्याला वर्गात करून पाहता येण्यासारखं आहे.

सिमेंट ‘सुकत’ नाही

‘सिमेंट सुकलं की कडक होतं’ असं आपण सहज म्हणतो. पण तसं असतं तर गवंडी ताज्या गिलाव्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी का मारतो? सुकायला हवं असलेल्या वस्तूवर कोणी पाणी ओतत नाही.

खरी गोष्ट उलटी आहे. सिमेंट पाण्यामुळे कडक होतं. १८२४ साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्यानं ज्याचं पेटंट घेतलं, ते पोर्टलँड सिमेंट काळाच्या ओघात खूप सुधारलं. आजच्या सिमेंटमध्ये मुख्यतः कॅल्शियमची सिलिकेट संयुगं असतात. पाणी मिळालं की त्यांची पाण्याशी रासायनिक अभिक्रिया होते आणि अतिशय सूक्ष्म, एकमेकांत गुंतलेली अशी नवी संयुगं तयार होतात. वाळूचे कण आणि विटेचा पृष्ठभाग यांना धरून ठेवणारी ही गुंतवळ म्हणजेच सिमेंटची ताकद. या क्रियेत हवेची गरज नसते. म्हणून सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं. पुलाचे खांब नदीच्या पाण्यात उभे राहतात ते यामुळेच.

ही अभिक्रिया सावकाश चालते. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजायची, असा प्रघात आहे. सात दिवसांनी त्यातली साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते. या काळात पाणी उडून गेलं तर अभिक्रिया अर्धवट थांबते. मग गिलाव्यावर बारीक तडे जातात आणि नखानं खरवडलं तरी वाळू सुटते. काँक्रीटसंबंधीच्या भारतीय मानकानुसार (आय.एस. ४५६) साध्या पोर्टलँड सिमेंटचं काँक्रीट कमीत कमी सात दिवस ओलं ठेवायचं असतं. उष्ण आणि कोरडी हवा असेल, किंवा सिमेंटमध्ये औष्णिक वीजकेंद्रातली राख मिसळलेली असेल, तर कमीत कमी दहा दिवस. सध्या बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा पोत्यांवर ‘पी.पी.सी.’ असं लिहिलेलं असतं. ते हे राखमिश्रित सिमेंट. त्याची अभिक्रिया आणखी सावकाश चालते.

चुन्याची रीत याहून वेगळी. जुन्या बांधकामात विरवलेला चुना वापरत. त्याचं कडक होणं असं चालतं :

विरवलेला चुना + हवेतला कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम कार्बोनेट + पाणी

थोडक्यात, सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं आणि चुना हवा खाऊन. हा फरक लक्षात ठेवावा. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

म्हणजे दुरुस्तीच्या घरात दोन परस्परविरुद्ध कामं एकामागून एक करायची असतात. पहिले सात ते दहा दिवस भिंतीतलं पाणी जाऊ द्यायचं नाही. त्यानंतर ते राहू द्यायचं नाही. पहिलं काम गवंडी जाणतो. दुसऱ्या कामाला कोणी मालक नसतो, आणि घाई नेमकी तिथेच होते.

एका खोलीत किती पाणी?

चला, हिशेब करून पाहू. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी एक खोली घेऊ. चारही भिंतींचं क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. दारंखिडक्या वजा जाता ४०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर. आतून १५ मिलिमीटर जाडीचा गिलावा केला, एक घमेलं सिमेंटला चार घमेली रेती या प्रमाणात, तर अंदाजे चार पोती म्हणजे २०० किलो सिमेंट लागेल.

माल कालवताना एका पोत्याला तीसेक लिटर पाणी पडतं असं धरू. चार पोत्यांना १२० लिटर. यातलं किती पाणी सिमेंटमध्ये रासायनिकरीत्या बांधलं जातं? सिमेंटच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के. २०० किलोला ४६ लिटर. उरलं जवळपास ७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे पाच हंडे. यातलं थोडं सूक्ष्म छिद्रांमध्ये कायम राहतं. बाकीचं आज ना उद्या बाहेर पडणार. शिवाय रोज मारलेलं पाणी मागच्या भिंतीनं पिऊन घेतलं ते निराळंच.

नव्या न्हाणीच्या भिंतीचा हिशेब तर याहून मोठा निघतो. वीट रचण्यापूर्वी पाण्यात भिजवतात, नाहीतर ती मालातलं पाणी शोषून घेते. सर्वसाधारण तीन किलोची वीट तिच्या वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३०० ग्रॅम पाणी सहज पिते. मानकानुसार ही मर्यादा २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. साडेचार इंची जाडीच्या १०० चौरस फूट भिंतीत पाचशेच्या आसपास विटा बसतात. पाचशे विटांनी प्रत्येकी ३०० ग्रॅम पाणी प्यायलं तर दीडशे लिटर झालं. हे दहा हंडे पाणी डोळ्यांना दिसत नाही. भिंत वरून पांढरी पडली की आपण म्हणतो, वाळली.

पाणी जाणार कुठे?

भिंतीतून निघालेलं पाणी हवेतच जाणार. त्यामुळे हवेत जागा किती आहे, हा पुढचा प्रश्न.

३५ अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ४० ग्रॅमच्या आसपास बाष्प धरू शकते. एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल तर त्या हवेत १६ ग्रॅम बाष्प आधीच आहे. २४ ग्रॅमची जागा शिल्लक. आता जुलैतला एखादा दिवस घेऊ. तापमान २६ अंश, आर्द्रता ९० टक्के. अशी हवा एकूण २४ ग्रॅम बाष्प धरू शकते आणि त्यातले २२ ग्रॅम आधीच भरलेले असतात. जागा राहते जेमतेम अडीच ग्रॅमची. म्हणजे एप्रिलच्या तुलनेत दहावा हिस्सा.

आपल्या खोलीत ३४ घनमीटर हवा मावते. एप्रिलच्या दुपारी दारंखिडक्या लावून घेतल्या तर ती सगळी हवा मिळून जास्तीत जास्त ८०० ग्रॅम, म्हणजे लिटरभरही पाणी घेणार नाही. मग वाळणं थांबेल. ७५ लिटर पाणी घालवायचं तर खोलीतली हवा निदान नव्वद वेळा पूर्णपणे बदलली पाहिजे. जुलैत हाच आकडा नऊशेच्या वर जातो. प्रत्यक्षात बाहेर जाणारी हवा कधीच पूर्ण भरून जात नाही. तेव्हा हे आकडे कमीत कमी आहेत, असं समजावं.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, धूळ येते किंवा सामान चोरीला जातं म्हणून दुरुस्तीचं घर आठवडाभर कुलूप लावून बंद ठेवलं तर ते आठवडाभर वाळत नाही. दुसरी, मार्च-एप्रिलचा एक दिवस हा जुलैच्या कितीतरी दिवसांच्या बरोबरीचा असतो.

वाळण्याला उष्णताही लागते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल ऊर्जा लागते. ७५ लिटरला १,८०,००० किलोज्यूल, म्हणजे विजेची ५० युनिटं. एप्रिलचं ऊन आणि वारा हे काम फुकट करतात. पावसाळ्यात तेच काम विकत घ्यावं लागतं, आणि तरीही पुरतं होत नाही.

कर्जत-खालापूरच्या बाबतीत हा हिशेब फार कडक आहे. हे तालुके सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी येतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग माथेरान आणि बोरघाटाच्या डोंगरांना अडून वर चढतात, थंड होतात आणि इथे रिते होतात. वर्षाला इथे तीन मीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. वीटभट्ट्याही या काळात बंद असतात, कारण कच्ची वीट वाळत नाही. जी हवा कच्ची वीट वाळवू शकत नाही, ती आपली भिंत तरी कशी वाळवणार?

इंग्लंडमध्ये जुन्या जाणत्यांचा एक ठोकताळा आहे : भिंतीच्या दर इंच जाडीला वाळायला एक महिना. म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ महिने. ती थंड आणि दमट हवेतली गोष्ट. आपल्या उन्हाळ्यात वाळणं बरंच लवकर होतं. पण पाऊस सुरू झाला की ते जवळजवळ थांबतं, आणि मग उरलेलं काम दिवाळीनंतरच होतं.

जमिनीतून चढणारं पाणी

आतापर्यंत आपण जे पाणी पाहिलं ते बांधकामाचं पाणी होतं. ते एकदा गेलं की गेलं. जुन्या घरात आणखी एक पाणी असतं, जे कधीच संपत नाही.

खडूचं टोक शाईत बुडवलं तर शाई खडूत वर चढते. मातीत रचलेली जुनी भिंत हा असाच एक मोठा खडू आहे. आजच्या घरांत जोत्यावर ओल अडवणारा थर घालतात. जुन्या घरांत तो नसे. काळा दगड स्वतः फारसं पाणी पीत नाही, पण दगडांमधली माती आणि विटा पितात. केशाकर्षणानं जमिनीतली ओल अशी हात-दीड हात, कधी मीटरभर वर चढते आणि भिंतीच्या पृष्ठभागातून उडून जाते.

ती एकटी येत नाही. येताना जमिनीतले आणि विटेतले क्षार विरघळवून आणते. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक वाढताना गिलाव्याच्या छिद्रांमध्ये दाब देतात आणि गिलावा आतून फोडतात. भिंतीला पांढरी भुकटी धरते, पोपडे येतात. यालाच आपण ‘लोणा लागला’ म्हणतो. खाडीची न धुतलेली रेती वापरली तर हे क्षार आपण स्वतःच भिंतीत भरतो.

आता सिमेंट आणि चुना यांतला फरक आठवा. जुना चुन्याचा किंवा मातीचा गिलावा सच्छिद्र असतो. चढलेली ओल त्यातून सहज बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा आणि वर तैलरंग चढवला की बाहेर पडायची वाट बंद होते. पाणी मात्र खालून येतच राहतं. मग ते आणखी वर चढतं आणि जिथे वाट मिळेल तिथे बाहेर येतं. पूर्वी दीड फुटावर असलेली ओल दुरुस्तीनंतर तीन फुटांवर दिसते. घरमालक म्हणतो, सिमेंट खराब होतं. सिमेंट चांगलं होतं, फक्त त्या जागी नको होतं.

आमच्या वहीत माजघराच्या भिंतीची नोंद अशीच होती. गिलावा फेब्रुवारीअखेर झालेला. वरचा भाग मार्चअखेर एकसारखा फिका झाला होता. खालची दोन-अडीच फुटांची पट्टी एप्रिलातही गडद होती. बाहेरून पाहिलं तर त्या भिंतीला लागून उकरलेल्या मातीचा ढीग पडलेला होता आणि तो जोत्याच्या वर आला होता.

भिंतीला विचारायचं कसं?

हात लावून थंड वाटणं हा पुरावा पुरेसा नाही. आम्ही तीन साध्या परीक्षा केल्या.

१. प्लॅस्टिकची परीक्षा : दीड फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट लावायचा. चोवीस तासांनी पाहायचं. कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, थेंब जमले तर भिंत अजून पाणी सोडते आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर ते हवेतल्या बाष्पाचे. प्रत्येक भिंतीवर दोन ठिकाणी कागद लावावा, एक जमिनीलगत आणि एक डोक्याच्या उंचीवर. फक्त खाली थेंब आले तर ओल जमिनीतली आहे. दोन्हीकडे आले तर ती बांधकामाची असावी.

२. हळदीची परीक्षा : हळद आणि चुना यांपासून कुंकू होतं, हे घरोघरी माहीत असतं. सिमेंटच्या अभिक्रियेतही विरवलेला चुना तयार होतो. त्यामुळे ताजा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो. कोपऱ्यात एखाद्या जागी हळदीचं पाणी लावलं तर ते लगेच लाल होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पृष्ठभागावरच्या चुन्याचं हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि अल्कधर्म उतरत जातो. ही परीक्षा ओल दाखवत नाही, पण तैलरंग द्यायचा की नाही हे सांगते. तेलाची अल्काशी गाठ पडली तर त्याचा साबण होतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. साबणाच्या कारखान्यात जी अभिक्रिया मुद्दाम करतात ती इथे भिंतीवर नको असताना होते.

३. तारखांची परीक्षा : ही सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित. प्रत्येक भिंतीवर पेन्सिलीनं गिलाव्याची तारीख आणि पाणी मारणं थांबवल्याची तारीख लिहून ठेवायची. आठवणीनं सांगितलेल्या तारखा नेहमी आपल्या सोयीच्या असतात.

अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळीकडे प्लॅस्टिक लावलं. ओटी आणि स्वयंपाकघर कोरडं निघालं. माजघर वर कोरडं, खाली थेंब. उत्तरेच्या खोलीत आणि न्हाणीच्या सामाईक भिंतीवर वर-खाली दोन्हीकडे थेंब इतके की कागद धूसर दिसत होता. या भिंतीचा गिलावा एप्रिलच्या मध्यावर झाला होता. तिच्यावर पाणी मारणं थांबवून जेमतेम आठवडा झाला होता.

मुकादमाचं म्हणणं आणि आजींचा प्रश्न

मुकादमाचं म्हणणं होतं, “सर, आता रंग मारून टाकू. पाऊस आला की पुन्हा माणसं मिळत नाहीत, आणि पावसाची झड पश्चिमेच्या भिंतीवर बसते.” यात तथ्य होतं. बाहेरच्या भिंतीला झडीपासून आडोसा हवाच. नाहीतर दोन महिने वाळवलेली भिंत एका आठवड्यात पुन्हा भिजते. पण बाहेरून पाणी आत येऊ न देणं ही एक गोष्ट आणि आतून ओल्या भिंतीला तैलरंगानं सील करणं ही दुसरी. बाहेरच्या बाजूला आडोसा करावा आणि आतली बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे पाण्याला निदान एक वाट राहते.

मुलांच्या वडिलांचा प्रश्न भाड्याचा होता. आणखी दोन महिने थांबायचं तर दोन महिन्यांचं भाडं. आम्ही त्यांना एवढंच म्हटलं की, आता रंग दिला आणि तो सुटला तर खरवडण्यासकट तो दुसऱ्यांदा द्यावा लागेल, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी मांडून पाहा.

आजींनी विचारलं ते अधिक नेमकं होतं. “अहो मास्तर, मी निजायचं कुठं ते सांगा.” पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. जागतिक आरोग्य संघटनेनं घरातली ओल आणि बुरशी यांविषयी २००९ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओल्या, बुरशी धरलेल्या घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे इतर त्रास अधिक होतात, असं त्यात म्हटलं आहे. उत्तरेची खोली लहान, शांत, न्हाणीला लागून. म्हणून तीच आजींसाठी ठरवलेली होती. हिशेबानं पाहिलं तर घरातली सर्वांत ओली खोली सर्वांत नाजूक छातीच्या माणसाला दिली जात होती.

शेवटी ठरलं ते असं. अक्षय्य तृतीयेला पूजा करायची, पण सामान मेअखेर न्यायचं. मधले चार आठवडे रोज सकाळी दारंखिडक्या उघडायच्या. शेजारच्या काकूंनी हे काम अंगावर घेतलं. माजघराच्या बाहेरचा मातीचा ढीग उचलून जोतं मोकळं करायचं आणि पागोळ्यांचं पाणी दूर नेणारी चर खणायची. माजघराच्या आतल्या बाजूचा तीन फूट उंचीपर्यंतचा सिमेंटचा गिलावा काढून तिथे चुन्याचा गिलावा करायचा. उत्तरेच्या खोलीला फक्त चुन्याची सफेदी द्यायची, रंग दिवाळीनंतर. कपाटं कुठल्याही भिंतीला टेकवायची नाहीत, मागे चार बोटं जागा सोडायची. आजींची खाट ओटीवर.

सुतारकामाचाही क्रम बदलला. लाकूड हवेतल्या बाष्पाप्रमाणे फुगतं आणि आक्रसतं. लांबीत नगण्य, पण रुंदीत चांगलं काही मिलिमीटर. ओल्या गिलाव्याच्या खोलीत बेतून बसवलेली दारं कोरड्या दिवसांत सैल होतात. ऐन उन्हाळ्यात अगदी घट्ट बसवलेली दारं जुलैत अडकतात. म्हणून नवी दारं मेमध्ये, गिलावा वाळल्यावर, फट राखून बसवली.

जुलैत आम्ही पुन्हा कागद लावले. ओटी आणि स्वयंपाकघर कोरडं होतं. माजघराची पट्टी उतरून वीतभर राहिली होती. उत्तरेच्या भिंतीवर एप्रिलसारखेच थेंब होते. अडीच महिन्यांत ती फारशी वाळली नव्हती, कारण त्यातला बराचसा काळ पावसाचा होता. डिसेंबरात तिच्यावरचा कागद पहिल्यांदा कोरडा निघाला. त्यानंतर तिला रंग मिळाला आणि आजींना त्यांची खोली.

वर्गात करण्यासाठी

सगळ्यांच्या घरी दुरुस्ती चालू नसते, पण वीट सगळीकडे मिळते. एक कोरडी वीट तोलून पाहावी. चोवीस तास पाण्यात बुडवून पुन्हा तोलावी. तिनं वजनाच्या किती टक्के पाणी प्यायलं ते काढावं. मग अशा चार भिजलेल्या विटा घ्याव्यात. एक उन्हात, एक वर्गात सावलीला, एक बंद पेटीत आणि एक तैलरंगानं सर्व बाजूंनी रंगवून सावलीला ठेवावी. दोन आठवडे रोज ठरावीक वेळी वजन करून आलेख काढावा. हाच प्रयोग एकदा मार्चमध्ये आणि एकदा जुलैमध्ये करावा. आलेखाचा उतार कुठे तीव्र आणि कुठे सपाट, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावं.

मोठ्या मुलांना आणखी एक काम देता येईल. शाळेच्या इमारतीतल्या ओलसर भिंतींचा नकाशा काढायचा. कुठे ओल खालून चढते, कुठे वरून झिरपते आणि कुठे झडीनं बाजूनं येते, हे प्लॅस्टिकच्या कागदानं तपासून तीन रंगांत दाखवायचं. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. एकच रंगाचा हात सगळ्यांवर चालत नाही, हे त्या नकाशावरून मुख्याध्यापकांनाही पटवता येईल.